वाटी

व्होरूच्या शाळेत जीवशास्त्र शिकवता शिकवता
उर्वेबाईंनी दोनशे अकरा अळंब्या रंगवल्या,
पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर.
मला त्या चोवीस ठिपक्यांत बसवायच्या आहेत.
मग छत्तीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर, शहाण्णव:
जसा ज्याचा फोन, तसं त्याचं माप.

दुपटीत काही अडत नाही, एकाचे दोन होतात.
नडते ती दिडकी.
एका ठिपक्याची रेघ दीड ठिपक्याची होते
आणि पडद्यावर अर्धा ठिपका नावाची वस्तूच नसते.
तो अर्धा मग शेजाऱ्याकडून रंग उसना घेतो
आणि दोघेही राखाडी होतात.

रैगोचा फोन जुना, कोपऱ्यात तडकलेला.
सप्टेंबरात तो बादली घेऊन जंगलात जातो.
त्याने दोन चित्रं शेजारी धरली, विचारलं,
"त्रीनू, ही एकच आहे ना?"
डावीकडची लोण्यात परततात.
उजवीकडची खाल्ली तर माणूस दुसऱ्या दिवशी बरा वाटतो,
चौथ्या दिवशी नसतो.
बुंध्याशी एक पांढरी वाटी, एवढाच फरक,
आणि ती माझ्या दिडकीत विरघळून गेलेली.

आधी मी सोपं तेच केलं: लहान चित्र ताणलं.
ताणलं की मधल्या जागा यंत्र अंदाजाने भरतं.
अंदाजाने भरलेली अळंबी
कोणी खाऊ नये.

रविवारी बाईंकडे गेले. तामुला तळं गोठलेलं,
स्वयंपाकघरात शेपूचा वास.
"मोठी काढून द्या," म्हटलं, "लहान करणं माझ्याकडे."
हात कापतो त्यांचा आता.
मूळ कागद खिडकीशी धरून म्हणाल्या,
"पांढऱ्यावर पांढरं कधी दिसलंय का?
वाटी काढू नकोस. भोवतीची माती काढ."

रात्री चोवीसच्या चौकटीतून
शेवाळ काढलं, टोपीवरची चमक काढली,
खालचे पापुद्रे, ज्यांवर त्यांचा अख्खा एक आठवडा गेला असेल,
तेही काढले.
मातीची रेघ ठेवली, दोन ठिपके जाड,
कुठल्याच फोनवर अर्धी न होणारी.

रैगोने लांबूनच बोट ठेवलं: "ही नको."

बाईंना दाखवली. ठेंगणी, टकली,
चिखलात पाय रोवून उभी.
"कुरूप आहे," म्हणाल्या,
चष्मा पुसला, पुन्हा पाहिली,
आणि वहीचं पान उलटून विचारलं,
"पुढची कुठली?"