एक जून

आमच्या रजिस्टरात बावीस पोरं,
त्यांतली नऊ एक जूनला जन्मलेली.
शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं असणार, तारीख?
आया म्हणाल्या असतील,
भात पोटरीला आलं होतं तेव्हा,
नाहीतर, ह्यांचे माग बंद पडले त्या वर्षी.
मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं
आणि सगळ्यांना सोयीचा एक दिवस दिला.

सुगी झाली की कंग्राळकर मामा
येळ्ळूर रस्त्याचं शेत आम्हाला देतात, मेपर्यंत.
भाडं नाही. खुंट आम्ही उपटायचे,
आणि चेंडू मसुरात गेला
तर आणायला एकानंच जायचं, तेही बांधावरून.
क्लबची पाटी दोनदा रंगवली,
दोनदा तिच्यावर डांबर पडलं.
एकदा ह्या भाषेसाठी, एकदा त्या.
आता कोरीच टांगलीय.
खाली बसू तळवार "कोडो, कोडो" ओरडत पळतो,
आयान म्हणतो, "घे की लेका,"
गोलातून अ‍ॅश्ली दोघांवर खेकसतो, "हिंदे नोडो!"
पास पोचतो.

नागेंद्र धामणेकर मात्र
चेंडू यायच्या आधीच दोनदा
खांद्यावरून मागं बघून घ्यायचा.
हे मी वीस वर्षं शिकवतोय.
अजून कुणाला शिकवता आलेलं नाही.

चोर्ला घाट चढून गोव्याची माणसं आली,
पांढरी गाडी, स्टॉपवॉच, गळ्यात ओळखपत्रं.
तेरा वर्षांखालच्या अकादमीसाठी तीन पोरं निवडली.
राहणं, जेवण, शाळा, दोन जोड बूट.
जाताना म्हणाली, फक्त डाव्या मनगटाचा
एक्स-रे पाठवा.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली.
वाढत्या हाडात इथं एक फट असते, म्हणाले,
गवताच्या पात्याएवढी.
ह्याची मिटायला लागलीय.
बारा नाही हो सर. पंधरा धरा.

नागू आपल्या हाताकडे बघत होता,
हातानं चोरी केल्यासारखा.

त्याची आई कांड्या भरत होती.
चाक थांबवलं नाही तिनं.
"दोन-तीन वर्सं घरीच हुता,
धाकटीला कोण बघणार?
मग मास्तरांनी वर्ग बघून वय लिवलं.
आमी काय खोटं सांगिटलो न्हाई."
मी म्हटलं, नाही, तुम्ही नाही.

कारण मला ठाऊक होतं.
चेंडू-कोन ठेवतो त्या खोलीच्या चौकटीवर
मी दर महिन्याला खडूनं उंची मांडतो.
नागूची रेघ वर्षात चार बोटं सरकली होती,
ओठावर सावली आली होती,
आणि मी रेघेखाली तारीख लिहून गप्प बसलो होतो.
बारा वर्षांचा असता, तर चमत्कार होता.
पंधराचा म्हणजे एक चांगला खेळाडू.
मला चांगला खेळाडू नको होता.

आयान आणि बसू गेले.
बसूला बसमध्ये चढवताना तो बुटांच्या नाड्या
पुन्हा पुन्हा सोडवून बांधत होता.
तिसऱ्या जागेवर हुबळीचं कुणी घेतलं म्हणे.

नागू तीन आठवडे आला नाही.
मी निरोप धाडला नाही. काय धाडणार?

रविवारी मच्छेच्या पोरांशी सामना होता,
सोळा वर्षांखालचा. अकरावा गडी मिळेना.
बांधावरून नागू आला, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले,
विचारलंही नाही, उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.
धावला की त्याच्या नडगीवर काहीतरी
कडकड वाजत होतं.

पॅडं तर कुणाकडेच नाहीत.
पुठ्ठे खोचतात पोरं, कॅलेंडरं, चपलांचे तळ.
मी हाक मारली, "नाग्या, काय खोचलंयस?"
त्यानं मोजा खाली सारला.
काळी, चकचकीत, दुमडलेली फिल्म,
तिच्यात पांढरी बोटं.

"हात हाय, सर," म्हणाला.
"बघा, हँडबॉल देचाल."

आणि चेंडू यायच्या आधी
मागं बघून घेतलं, दोनदा.