कौतिकआत्याची ठेव

भुसावळला यार्डामागे रुबाब तडवीचं भंगार.
कूलरच्या पत्र्याला हात लावला तर म्हणाला,
"तो नको. जस्त हाये. तापला का विष सोडतो."
निळ्या पिंपाला लावला तर,
"फवारणीचं व्हतं ते, वास घे."
मग हनुवटीनंच कोपरा दाखवला.

पाठीवर पडलेली तिजोरी,
कमरेएवढी, हिरवी, दाराचं चाक आभाळाकडे,
चाकाचा एक दांडा वाकलेला.
नाव खरवडून काढलं होतं,
तरी मी ओळखली.

हिच्यासमोरच्या बाकावर बसून
मी पेपरमिंट चघळायचो.
आत्या बिबडे विकलेल्या नोटा
पदराच्या गाठीतून सोडायची,
कारकून बोटाला थुंकी लावून मोजायचा.
अठरा हजार पाचशे झाले होते.
मग एका सोमवारी पतसंस्थेचं शटर
खालीच राहिलं.

"किलोनं देतो," रुबाब म्हणाला,
"आत काई नाई. मी पाह्यलं."
मीही पाहिलं.
टाचण्या. शिक्क्याचं रबर, उलट्या अक्षरांचं.

फैजपूरच्या रस्त्याला, केळीच्या गाड्या चहाला थांबतात
तिथं माझं वेल्डिंगचं दुकान.
आठ दिवस ग्राइंडर लावला.
हिरव्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली लाल,
मग कुठं लोखंड.
दोन पत्र्यांच्या मध्ये रेतीसारखं काही ठासलेलं,
बाहेरच्या आगीपासून पैसा वाचावा म्हणून.
म्हटलं, राहू दे,
आता आतली आग सांभाळ.

जाळीला पाडलेल्या स्लॅबच्या सळया,
धुराड्याला ट्रॅक्टरचा सायलेन्सर, जाळून साफ केलेला,
राखेला तिचाच रोकडीचा खण.

पऱ्हाट्या पेटवल्या, दार लावलं,
चाक फिरवलं.
विझलं.
पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं.
लोटू गुडघ्यावर बसून
दाराच्या कडेनं काडेपेटीचा कागद सरकवत होता,
कागदही जाईना.
"फट बी नाई हिला," म्हणाला,
"मंग पैसा गेला कुठून व बाप्पा?"

शेवटी तळाला तीन भोकं पाडली,
किल्लीचं भोक मोकळं सोडलं,
तेव्हा कुठं ती श्वास घ्यायला लागली.
दोन रात्री रिकामीच जाळली,
उरल्यासुरल्या रंगाचा वास जाईपर्यंत.

आत्याला मी काही सांगितलं नव्हतं.
आली तीच कुरकुरत,
"भरीत शेतात व्हतं, उघड्यावर.
कपाटात घालून कोन भाजतं वांगे?"
मग हात चाकावर गेला.
वाकलेल्या दांड्यावर थांबला.
मी उगाचच पक्कड शोधत राहिलो.
रस्त्यानं दोन गाड्या गेल्या, मग तिसरी.

पिशवीतून वांगी काढली तिनं, बामणोदची,
हिरवी, देठासकट, एकेक पाव किलोच्या वर.
माझ्याच खिळ्यानं टोचली.
"टोचलं नाई तं फुटतं रे, बंद जागेत."
मोठ्यानं मोजत ठेवली, सात.
दार स्वतः लोटलं, चाक स्वतः फिरवलं,
आणि तिथून हलली नाही.

लोटूनं खुर्ची आणली, ती बसली नाही.
लोटूनं बडगी धुतली,
मिरच्या निवडल्या, लसूण सोलला,
शेंगदाणे अर्धे खाल्ले.
किल्लीच्या भोकातून धुराचा बारीक दोरा
तिच्या लुगड्याकडेच यायचा,
ती सरकत नव्हती.

पाऊण तासानं म्हणाली, "उघड."

आत सगळं काळं, मऊ,
सालीतून पाणी सुटून सळयांवर चुरचुरत होतं.
वाकली. डोळ्यांना पदर लावला, धुरासाठीच असेल.
बोट दाखवत मोजली.
सात.
पुन्हा मोजली, या वेळी देठाकडून.

मग लोटूवर खेकसली,
"पाह्यत काय राह्यला? परात आन."