रकाना

औलूत डिसेंबर. दोनलाच अंधार.
महिनाअखेर यादीतल्या प्रत्येकीला फोन:
या महिन्यात पडलात का?

लेम्पी म्हणते, पडले नाही गं.
लोकरीचा गुंडा गेला पलंगाखाली,
म्हणून आपणहून बसले खाली.
मग उठताच येईना.
रेडिओवर बातम्या दोनदा होऊन गेल्या.
हे पडण्यात धरतात का?

आमच्या व्याख्येत ‘नकळत’ असा शब्द आहे.
मी शून्य लिहिते.

सगळे गेल्यावर
मीच फरशीवर पाय पसरून बसते,
हात न टेकता उठू पाहते.
गुडघा कटकन बोलतो.

खुर्ची कशी धरायची, आधी कुठला गुडघा,
दहा मिनिटांचं काम.
पण लेम्पी तुलना-गटात.
त्यांना शिकवायचं नाही, फक्त विचारायचं.

खिळ्यांचे बूट
दाराशी आणून ठेवते.