मुका के

मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ
चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग भरतो.
मी दिवे लावतो, खुर्च्या मांडतो,
आणि शेवटी कुलूप घालायचं म्हणून
मागे रेडिएटरला पाठ लावून बसतो.
सत्तावीस वर्षं ट्रॉलरवर काढली.
आता ग्रिम्सबीत बोटी थोड्या,
मासे परक्या समुद्रातून खोक्यांत भरून येतात
आणि ते कापायला माणसं येतात
आणखी कुठून कुठून.

दाइवा आज कोट न काढताच बसली.
कानामागे एक खवला तसाच चिकटलेला.
म्हणाली, कारखान्यात सगळे हसले.
सुरी बोथट झाली होती, दुसरी मागितली,
म्हटलं, क्नाइफ द्या.
कर्बी मुकादम हसला, मग अख्खी रांग हसली.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं नावच पडलं
क्नाइफबाई.

आमच्याकडे पुस्तकाला क्नीगा म्हणतात,
तिथे के खाल्ला तर मास्तर कान पिळायचे.
इथे लिहायचा आणि गिळायचा?
मग लिहायचा कशाला?

पिंचबेकबाईंनी पेनाला टोपण लावलं.
धडा चौदावा, दवाखान्यात, तसाच उघडा राहिला.
म्हणाल्या, हजार-अकराशे वर्षांपूर्वी
याच किनाऱ्याला डेन लोकांच्या होड्या लागल्या.
लुटायला आले होते, पण सगळेच काही परतले नाहीत.
कुणी नांगर धरला, कुणी इथलीच बायको केली,
शेजारणीकडे अंडं उसनं मागितलं.
अंड्याचा शब्द त्यांचा राहिला.
खिडकीचाही त्यांचाच, वाऱ्याचा डोळा म्हणायचे तिला.
आणि कमरेला ही सुरी,
तिचा के खणखणीत वाजायचा.
तुझ्यासारखाच, दाइवा.

मग तीनेकशे वर्षांमागे कधीतरी
लोकांच्या जिभेला त्याचा कंटाळा आला.
राजाचा हुकूम नाही, पार्लमेंटात मतदान नाही.
पण छापखानेवाल्यांनी तोवर
त्याला शिशात ओतून ठेवलं होतं.
तोंडातून गेला, कागदावर राहिला,
मेलेल्या माणसाचा कोट
खुंटीवर राहतो तसा.

हसण्याचं म्हणशील तर, बाई थांबल्या,
माझ्या आईने आठवड्याला दोन शिलिंग मोजले
मला एच नीट उच्चारता यावा म्हणून.
आला. नोकरीही लागली.
पण बाबांशी बोलताना तो एच
ओल्या बुटांसारखा दाराबाहेर ठेवावा लागे,
नाहीतर ते पेपर वर धरून बसायचे.

मग त्यांनी फळ्यावर मुकादमाचं नाव लिहिलं.
कर्कबी. चर्च असलेलं गाव.
दोन्ही तुकडे डेन लोकांचे,
आणि मधला के बघा,
तो रोज सकाळी हजेरीत स्वतःच गिळतो.
मागच्या बाकावरचा रोमेनियन पोरगा
इतका हसला की त्याला ठसका लागला.
दाइवा हसली नाही. तिने वहीत उतरवून घेतलं.
मग विचारलं,
पण उद्या मी काय म्हणू?

नाइफ, बाई म्हणाल्या.
पगार तिथे मिळतो.

नऊ वाजता सगळे गेले.
खुर्च्या रचताना मी मनात शोधत होतो.
गाठीत आहे एक मुका के,
सगळी उमर गाठी मारल्या, कधी दिसला नाही.
गुडघ्यातही आहे म्हणे.
थंडीत तोच दुखत असावा.

दिवा मालवायच्या आधी एकदा
मोठ्याने म्हणून पाहिलं, क्नाइफ.
कुणी नव्हतं हसायला.
बाप अशीच एक सुरी मागे ठेवून गेला,
घरी ड्रॉवरमध्ये असते, चमच्यांच्या खाली.
पुसायला हवी.