एक जून

नाशिकरोडचा तुरुंग की उंटवाडीचं निरीक्षणगृह,
हे रोहिदास भोयेच्या वयावर आहे.
चोरी ऑगस्टमधली.
शाळेच्या दाखल्यावर एक जून, म्हणजे अठरा पूर्ण.
पण गुरुजींनी सगळ्या वर्गाला
एकच वाढदिवस वाटला होता, खाऊसारखा.

आई सांगते, नागली कापताना कळा आल्या,
नदीत पुलाचे खांब उभे राहत होते.
म्हणून वकीलबाई दोनदा सुरगाण्याला,
बांधकाम खात्याच्या जिन्यावर.
पुलाची तारीख मात्र नीट लिहिलेली,
दगडावरसुद्धा.

"कार्तिकातला आहे, साहेब. तेव्हा सतराच."
न्यायाधीश चष्मा काढून आईकडे बघतात.
विळ्याची मूठ
तिनं रिकाम्या हातात आवळलेली.

बाहेर, पोलिसाशेजारी उकिडवा बसून
रोहिदास विचारतो,
मग आता वाढदिवस कधीचा सांगायचा?