विंचूरच्या अलीकडे

कांद्याचा डोस मला तोंडपाठ आहे.
लासलगावच्या केंद्रात ट्रॉली कोबाल्टसमोरून फिरून आली
की पेटीवरचा डोसमीटर काढायचा, वाचायचा, सही करायची.
साठ ग्रेच्या खाली नको, नव्वदच्या वर नको.
मग मोड येत नाहीत. एवढंच.

रविवारी मात्र मी कथड्यात जाते, वही घेऊन,
हसनमियां फणसोपकरांकडे.
वय शहाऐंशी. जावयाचं घर, खाली वेल्डिंगचं दुकान.
एकोणिसाव्या वर्षी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते,
त्या बेटाजवळ, जिथे गोऱ्या साहेबांनी बाँब उडवून पाहिले.

परदेशातून पत्र आलंय: नोंदीनुसार डोस शून्य.
हे शून्य आलं कुठून, ते शोधायला मला पावसाळा गेला.
बासष्ट माणसं, फिल्म बॅज अकरा.
दहा अधिकाऱ्यांच्या खिशांना,
अकरावा सलूनमध्ये, बॅरोमीटरच्या खिळ्याला.
खिळ्याचा आकडा
बावन्न जणांच्या नावापुढे चढवला.

अंतर किती होतं, चाचा?
"आम्हाला पत्र्याकडं तोंड करून बसवलेलं.
पत्रा पांढरा होताच, तो आणखी पांढरा झाला.
मी अल्हम्द सुरू केली.
सातवी संपली, तेव्हा आवाज आला."

मी स्टॉपवॉच लावून तीनदा म्हणवून घेतली.
आता चोवीस सेकंद लागतात.
तेव्हा दात सगळे होते, आणि भीती.
वीस धरले.
साती वीस एकशे चाळीस, गुणिले आवाजाचा वेग:
सत्तेचाळीस किलोमीटर, आठ-दहा इकडे तिकडे.
त्यांना किलोमीटर कळेनात, म्हणून सांगितलं,
इथून निफाडच्या पुढे, विंचूरच्या अलीकडे.
"एवढं जवळ?"

वारा?
"दोरीवर लुंगी होती. नाळेकडं उडत होती."
आणि नाळ कुठल्या दिशेला?
"सकाळचं ऊन पाठीमागून यायचं."
मी लिहिलं: वारा पूर्वेकडून. आधार: लुंगी.

दुपारी बारीकशी सर येऊन गेली,
मग काथ्याच्या ब्रशाने डेक घासला, दोन वॉच, अनवाणी.
पाणी प्यायले ते समुद्राचंच, उकळून, वाफ धरून.
मासा खाल्ला, सुरमईसारखा काहीतरी.
चव आठवते. नाव नाही.

चार रविवार बेरजा केल्या. दोनदा खोडल्या.
शेवटी सांगितलं: कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीस.
मिलिसिव्हर्ट.
त्यांनी चष्मा काढून वहीकडे पाहिलं.
"यातला माझा कुठला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
खालून वेल्डिंगचा निळा उजेड जिन्यावर आला, गेला.
"आणि तुझ्या कांद्याचा?"
त्याचा वाचता येतो, म्हटलं.
त्याच्या पेटीवर डोसमीटर असतो.

ते हसले नाहीत. बराच वेळ गुडघा चोळत बसले.
मग म्हणाले, भंडाऱ्याला मदत म्हणून मी कांदे सोलायचो.
मुंबई डॉकात चढलेली पोती. लासलगाव, असा छाप.
महिना झाला, त्यांना एवढाले मोड आले.
"मोडासकट खाल्ले, पोरी. हिरवं दुसरं काही नव्हतंच."

पत्राचं उत्तर पाठवलंय.
शेरा या रकान्यात जागा कमी होती:
लुंगी मावली, अल्हम्द मावली,
मोड राहून गेले.

आता सकाळच्या एसटीत निफाड मागे पडलं
की मी वही मिटते, खिडकीबाहेर पाहते.
कांद्याच्या चाळी, पंक्चरचं दुकान, बांधावर एक शेळी.
मागे वळून नाशिककडे बघते
आणि सेकंद मोजायला लागते.
नव्वदच्या आसपास कंडक्टर पास मागतो.
मी पास काढते.
पुन्हा एकापासून.