एक वार अस्तर

लेमस्टर म्हणायचं, लिओमिन्स्टर नाही.
हे मला ग्लेनिस प्रीसनं शिकवलं
काळ्या दोऱ्याचं रीळ कागदी पिशवीत सारताना,
माझ्या उच्चारातली जास्तीची अक्षरं
शिवणीत आत दुमडून घ्यावीत, तशी.

दुकानावर पाटी : प्रीस अँड सन.
सन ब्रिस्टलला विम्याच्या कंपनीत.
मुलगी चाळीस वर्षं त्या पाटीखाली उभी.
रंगारी दर खेपेला विचारतो, बदलायचं का?
ती म्हणते, राहू दे बाबा,
डॉटर लिहायला अक्षरं जास्त लागतात,
आणि तू अक्षरामागे पैसे घेतोस.

काउंटरच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली,
तिच्या आजोबांच्या वेळची. एक वार.
सरकारचा मीटर ती पावतीवर लिहिते,
कापड मात्र पट्टीवरच मोजते.
मी म्हटलं, आमच्याकडे
लुगड्याचं नावच वारांवरून पडतं. नऊवारी.
नऊ? एका बाईला?
तिनं चष्म्यावरून मला पायापासून वर पाहिलं,
मग समोरच्या बँकेच्या बंद खिडक्यांकडे.
नऊ वारांत, म्हणाली, मी ती अख्खी बँक झाकीन.

भाचीच्या लग्नाचा ब्लाउज शिवायचा होता.
वांगी रंग. त्याला अस्तर.
ठाण्यात हे काम पाच मिनिटांचं :
मॅचिंग सेंटरवाला न बघता हात घालतो
आणि तीस वांगी तोंडावर फेकतो.
ग्लेनिसकडे तीनच तागे. तिन्ही उचलून
ती मला दाराबाहेर फुटपाथवर घेऊन गेली,
भुरभुर चालू होती, तरी.
ट्यूबलाइट खोटं बोलते, म्हणाली.
आभाळाखाली एकेक लावून पाहिलं.
दुसरा जुळला. असा जुळला की
पदर कुठे संपतो ते बोटांना विचारावं लागलं.

सात पौंड ऐंशी.
मी म्हटलं, विचार करून सांगते.

मराठी बाई हे वाक्य कशासाठी वापरते
ते हेरफर्डशायरमध्ये कुणाला ठाऊक असणार?
ताग्यावरच्या चिठ्ठीचा फोटो मी आधीच काढला होता.
बस येईपर्यंत फोनवर ऑर्डर झाली :
चार पौंड नव्वद, घरपोच.

मंगळवारी पाकीट आलं.
आतला रंग वांग्याचा नव्हता,
दारात बोट चेमटल्यावर तिसऱ्या दिवशी दिसतो, तो होता.

शनिवारी गेले. ग्लेनिस कुणाच्या तरी पडद्याला
आकड्यांची पट्टी मोजून देत होती.
मान वर न करता म्हणाली,
झाला विचार?

फक्त एवढंच. त्यात टोमणा होता की नव्हता
याचा मी अजून विचार करते.
ड्रॉवरमधून तिनं कापलेलं अस्तर काढलं,
टाचणी लावलेलं, वर चिठ्ठी : नऊ वारवाली बाई.
मी पैसे मोजले. कबुली दिली नाही.

आता दुकान गुरुवार ते शनिवारच उघडं असतं.
घरपट्टीसारखं काहीतरी वाढलंय, बॉयलर गेलाय,
ती कोट घालूनच कापड कापते.
वॉर्डातल्या कुणाचीही शिवण उसवली
की मी म्हणते, प्रीसकडे जा, अगदी आत्ता जा.
शीबानं नाताळाचे पडदे तिथूनच घेतले.
सगळ्यांना वाटतं, मी फार चांगली गिऱ्हाईक आहे.

ब्लाउज बेतायला बसले त्या रात्री
अस्तर टेपनं मोजलं.
एक वार, वर चार बोटं.
ती चार बोटं पावतीवर नव्हती.
कापून टाकायला कात्री उचलली, ठेवली,
जादाचं कापड तसंच आत मुडपून शिवलं.

लग्नात सगळे म्हणाले, काय मॅचिंग आहे गं, कुठून?
डाव्या काखेत ब्लाउज जरा जाड लागत होता.
अजूनही लागतो.